घरात लपवलेले पुस्तक

रविवारच्या मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारात पालक मंडळी बोलत उभी असतात, तेव्हा एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘मुलांना वाचायला काय द्यावे?’ प्रश्न सद्हेतूने विचारलेला असतो आणि त्याला उत्तरेही तयार असतात. संतचरित्रे द्यावीत, बायबलमधील कथा द्याव्यात, थोरामोठ्यांची चरित्रे आणि सामान्यज्ञानाची पुस्तके द्यावीत. ‘तुम्ही स्वतः सध्या काय वाचता?’ असे उलट विचारण्याचा आगाऊपणा मात्र सहसा कोणी करीत नाही. आम्ही एकदा तो केला. प्रश्नकर्ते गृहस्थ क्षणभर गोंधळले, मग हसून म्हणाले, ‘आमचे काय आता! आमचे वाचायचे दिवस संपले.’ त्यांचे वय चाळिशीच्या आतबाहेर असावे.

त्या उत्तरात एक समजूत दडलेली आहे. वाचन हे मुलांना पाजायचे औषध आहे आणि मोठ्यांनी फक्त चमचा हाती धरायचा आहे, अशी ती समजूत. याच्या अगदी उलट स्वभावाचे पालकही आपण पाहतो. ते स्वतः भरपूर वाचतात. पण त्यांचे वाचन म्हणजे त्यांची खासगी मिरास असते. मुले एकीकडे, पुस्तक एकीकडे. या दोहोंच्या मधोमध एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्या पुस्तकात आपण एकांतात रमतो, त्या आनंदावर आपल्या मुलांचा काही हक्क आहे काय? असल्यास तो किती? आणि आपण ज्यात रमत नाही, असे पुस्तक त्यांच्या हाती देण्याचा आपल्याला तरी काय अधिकार?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस वारंवार एक घर आठवते. हे घर सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये, आविला नावाच्या तटबंदीच्या शहरात होते. 1515 साली या घरात एक मुलगी जन्मास आली. पुढे ती आविलाची संत तेरेजा म्हणून जगाला ठाऊक झाली आणि 1970 साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची पंडिता म्हणून घोषित केले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. आपल्या आत्मचरित्राच्या आरंभीच तिने आईवडिलांच्या वाचनाविषयी लिहिले आहे, आणि ज्या मोकळेपणाने लिहिले आहे त्याला तोड नाही.

तिचे वडील आलोन्सो यांना सद्ग्रंथांची आवड होती. मुलांना वाचता यावेत म्हणून त्यांनी लोकभाषेतील ग्रंथ घरात आणून ठेवले होते. आई बेआत्रीस हिची आवड वेगळी. तिला शूर शिलेदारांच्या अद्भुतरम्य प्रेमकथा प्रिय होत्या. मोठे कुटुंब, वरचेवरची बाळंतपणे, पाठीस लागलेले आजारपण आणि तेहेतिसाव्या वर्षी मरण, असे त्या बाईचे आयुष्य. आपल्या क्लेशांचा क्षणभर विसर पडावा आणि मुलेही कशात तरी गुंतून राहावीत, वाईट मार्गाला लागू नयेत, म्हणून ती त्या कथा वाचीत असावी, असे तेरेजाच म्हणते. आईने ती पुस्तके मुलांनाही वाचू दिली. पण वडिलांना या कथांचा मनस्वी तिटकारा. म्हणून ते पाहणार नाहीत अशा बेताने हे वाचन चालत असे.

या दोन्ही प्रकारच्या पुस्तकांचे परिणाम तेरेजाने नोंदवले आहेत. हुतात्म्यांची चरित्रे वाचून ती आणि तिचा भाऊ रोद्रिगो यांनी मूरांच्या देशी जाऊन ख्रिस्तासाठी शिरच्छेद करवून घेण्याचा बेत केला. ती दोघे खरोखरच घराबाहेर पडली आणि काकाने वाटेत गाठून त्यांना परत आणले, अशी आठवण परंपरेने जपली आहे. पुढे शिलेदारांच्या कथांचे तिला असे वेड लागले की, हाती नवे पुस्तक नसले तर तिला चैन पडेना. तिच्या आरंभीच्या चरित्रकारांपैकी रिबेरा सांगतात की, या भावंडांनी मिळून त्या धर्तीची एक कथाही लिहिली होती. प्रौढ तेरेजा या वेडाबद्दल स्वतःला कठोर बोल लावते. आपली सदिच्छा तेव्हापासून थंडावू लागली, असे ती म्हणते. आईच्या सद्गुणांचे आपण पुरेसे अनुकरण केले नाही आणि तिच्या त्या लहानशा उणिवेने मात्र आपले नुकसान केले, असा तिचा निवाडा आहे.

संताच्या निवाड्यापुढे आम्ही कोण? तिच्या विवेकबुद्धीने जे पाप मानले, ते पाप नव्हते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. परंतु तिनेच दिलेली हकिकत पुन्हा पुन्हा वाचताना आमचे लक्ष पुस्तकांपेक्षा त्या घराकडे वेधले जाते. त्या घरात आई आणि वडील दोघेही वाचणारे होते. दोघांनीही आपली आवड मुलांपर्यंत पोहोचवली होती. आजच्या कोणत्याही पालकसभेत त्यांचा गौरव झाला असता! तरीही त्या घरात काहीतरी बिनसले होते. वडिलांची पुस्तके उजेडात होती, आईची अंधारात. मुलांना दोन्ही मिळत होती. पण ती एका मेजावर कधी आली नाहीत. ‘तुला या कथेत काय आवडले?’ असे वडिलांनी विचारले, ‘मला त्यात विसावा मिळतो’ असे आईने सांगितले, अशी संध्याकाळ त्या घरात उगवल्याची नोंद नाही. आईकडून मुलीला कथांबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली : आपल्याला जे प्रिय आहे ते आपल्याच माणसापासून लपवावे लागते, ही शिकवण. कथेतल्या शिलेदारापेक्षा ही शिकवण बालमनात अधिक खोल रुजली असेल, असे आम्हांस वाटते. मुलाला पुस्तकातले पुष्कळसे कळत नाही. पण आई दाराकडे कानोसा घेत वाचते आहे, हे त्याला नक्की कळते.

याच चरित्रातला आणखी एक प्रसंग विचार करायला लावणारा आहे. तरुणपणी तेरेजा काही दिवस पेद्रो नावाच्या धर्मशील काकांकडे राहिली. काका तिच्याकडून आपले आवडते धार्मिक ग्रंथ मोठ्याने वाचून घेत. तिला ते फारसे आवडत नव्हते. पण काकांना बरे वाटावे म्हणून ती आवडल्याचे दाखवीत असे. ही प्रामाणिक कबुली वाचून प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक धर्मशिक्षकाने अंतर्मुख व्हावे. आपल्या घरातील संध्याकाळच्या प्रार्थनेनंतरचे वाचन असेच कितीदा चालते! मूल वाचते, आपण मान डोलावतो, दोघेही एकमेकांसाठी सोंग वठवतात. अर्थात तेरेजाच्या बाबतीत पुढे चमत्कार घडला. त्याच सहवासात तिच्या मनात सत्याची ओळख पुन्हा जागी झाली आणि काही काळाने याच काकांनी दिलेल्या एका ग्रंथाने तिला मौन प्रार्थनेची वाट दाखवली. काकांचे प्रेम खरे होते आणि त्यांची त्या ग्रंथांवरची निष्ठाही खरी होती. त्यांनी दिलेले पुस्तक तिने त्या दिवशी सोसले आणि पुढे कधीतरी आपलेसे केले. जो स्वतः त्या ग्रंथावर जगत नव्हता, अशा माणसाने तो तिच्या हाती दिला असता तर काय झाले असते, हे सांगता येत नाही.

कर्तव्य म्हणून केलेल्या वाचनाविषयी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही मार्मिक लिहिले आहे. जुलै 2024 मध्ये त्यांनी जडणघडणीतील साहित्याच्या स्थानाविषयी एक पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या प्रशिक्षणापुरते योजले होते. पुढे त्यांनी ते सर्व ख्रिस्ती जनांना उद्देशून लिहिले. त्यात ते आपल्या तरुणपणाची आठवण सांगतात. 1964-65 या काळात ते आर्जेंटिनातील सांता फे येथे जेज्विट शाळेत साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात स्पेनचे प्राचीन वीरकाव्य होते आणि मुलांना हवा होता लॉर्का, हा आधुनिक कवी. तरुण शिक्षकाने तोड काढली. वीरकाव्य मुलांनी घरी वाचावे आणि वर्गात त्यांच्या आवडत्या लेखकांविषयी बोलावे. केवळ बंधन म्हणून वाचण्याइतके निष्फळ दुसरे काही नाही, असा त्या पत्राचा सूर आहे. वीरकाव्य त्यांनी रद्द केले नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांनी एवढेच केले की, मुलांच्या आवडीला लपून बसू दिले नाही.

दुसऱ्यांच्या घराविषयी इतके लिहिल्यावर आपल्या घराविषयी मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आमचा थोरला मुलगा लहान असताना आमच्या घरी पुस्तकांच्या दोन जागा होत्या. काचेच्या दारांचे कपाट आमचे. त्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ होती, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ होती, आम्ही पोटाला चिमटा घेऊन जमवलेल्या कथा-कादंबऱ्या होत्या. खालच्या फळीवर मुलांची पुस्तके. बोधकथा, चरित्रे, बक्षीस समारंभात मिळालेली गुळगुळीत पुठ्ठ्याची पुस्तके. ती आम्ही स्वतः कधी उघडून पाहिली नव्हती. एका रात्री आम्ही ‘स्मृतिचित्रे’ वाचीत होतो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचा अतिरेक वाचून आम्हांस हसू आवरेना. मुलगा उठून आला. ‘पप्पा, का हसलात?’ आम्ही म्हणालो, ‘तुला नाही कळायचे ते. जा, आपले पुस्तक वाच.’

तो गेला. आज तो परदेशी मोठ्या हुद्द्यावर आहे, कर्तबगार आहे, रविवारची मिस्सा चुकवीत नाही. पण मराठी पुस्तक त्याने वर्षानुवर्षे हाती धरलेले नाही. मध्यंतरी दूरध्वनीवर कपाटाची गोष्ट निघाली. आमच्यानंतर या पुस्तकांचे काय करायचे, असे आम्ही विचारले. तो सहज म्हणाला, ‘त्या कपाटाला कुलूप होते ना, पप्पा?’ आमच्या कपाटाला कधीही कुलूप नव्हते. त्याला मात्र ते कुलूप स्पष्ट आठवते. आम्ही तेव्हा काही बोललो नाही. रात्री उशिरापर्यंत मात्र त्या कपाटासमोर बसून राहिलो.

यावर कोणी म्हणेल, मग पालकांनी एकट्याने वाचूच नये काय? प्रत्येक पान मुलांपुढे मोठ्याने वाचावे काय? मुळीच नाही. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात मिलानचे महागुरू संत आम्ब्रोज यांचे एक अविस्मरणीय चित्र रेखाटले आहे. आम्ब्रोज मनातल्या मनात वाचीत. त्यांचे डोळे पानांवरून फिरत, अंतःकरण अर्थ शोधी आणि जीभ मात्र स्तब्ध असे. ऑगस्टीन आणि इतर मंडळी येत, काही वेळ निमूटपणे बसत आणि त्यांचा एकांत न मोडता निघून जात. मात्र ज्या खोलीत आम्ब्रोज वाचीत, तिचे दार सर्वांना खुले असे. त्या मौन वाचनात ऑगस्टीनला प्रवेश नव्हता. तरीही ते दृश्य त्याच्या अंतःकरणावर कोरले गेले.

आम्हांस येथे आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडते. एकांत आणि लपवणूक या दोन भिन्न गोष्टी आहेत. आई दुपारी तासभर पुस्तक घेऊन बसली आहे, या वेळी तिला हाक मारायची नाही, हे मुलाला कळणे हा देखील एक संस्कार आहे. आपल्या घरांतून हा एकांत पुरुषांना सहज मिळतो. स्त्रियांना तो चोरावा लागतो. स्वयंपाक, शेतीवाडी, नोकरी आणि आजारी माणसे यांतून वेळ काढून एखादी भगिनी कादंबरी वाचू लागली, तर ‘काम नाही वाटते!’ हा शेरा तयार असतो. मग तीही बेआत्रीससारखी कानोसा घेत वाचू लागते. तिच्या हातातले पुस्तक लपण्यास जबाबदार कोण? मुलांना वाचनाचे धडे देण्यापूर्वी नवऱ्याने पत्नीच्या वाचनासाठी चुलीपुढचा एक तास स्वतः उचलावा. तो धडा मुले आपोआप शिकतील.

उरलेला अर्धा प्रश्न अधिक नाजूक आहे. मोठ्यांची सगळीच पुस्तके मुलांसाठी नसतात. काहींत वासनेचे चित्रण असते, काहींत क्रौर्य, काहींत श्रद्धेला हादरवणारे प्रश्न. अशा पुस्तकांविषयी पालकाने मौन धरावे काय? आमच्या मते ती राखून ठेवण्यात गैर काही नाही. पण ती उघडपणे राखावीत. ‘हे मी वाचतो आहे. यात एका माणसाच्या दुःखाची गोष्ट आहे. ती पेलायला तू अजून लहान आहेस. मोठा झालास की ये, मग दोघे मिळून बोलू.’ एवढे सांगितले की मुलाला दाराआड काय आहे हे कळते आणि दार एक दिवस उघडणार आहे हेही कळते. आणि जे पुस्तक आपण वाचत असल्याचे मुलाला सांगण्याची आपल्याला लाज वाटते, त्या पुस्तकाविषयी मुलाआधी स्वतःशीच बोललेले बरे.

आपल्या पूर्वजांच्या काळी हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला होता. 1616 साली गोव्यातील राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेज्विट धर्मगुरूने दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांत तारणाचा इतिहास सांगितला. जुन्या पुराणांना दुरावलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना त्या जागी काही गोड हवे होते आणि फादरांनी ती भूक ओळखली. हा ग्रंथ पुढे दीर्घकाळ चर्चमध्ये आणि घरोघरी मोठ्याने वाचला गेला. त्या ओव्या ऐकणाऱ्यांत आजोबा होते, सून होती, मांडीवरचे मूल होते. बालसाहित्याची वेगळी फळी तेव्हा नव्हती. आजोबांना ज्या ओवीने गहिवर येई, तीच ओवी मुलाच्या कानी पडे. मुलाला अर्थ अर्धामुर्धाच कळत असेल. पण आजोबांचा भरून आलेला आवाज त्याला पुरता कळत असेल.

आज आपली मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि देवनागरी अक्षरे अडखळत वाचतात, म्हणून आपण हळहळतो. हळहळ योग्य आहे. परंतु कान अद्याप मराठीच आहेत. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येते. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 साली आले, तेव्हा ते पुष्कळ घरांनी मोठ्या कौतुकाने विकत घेतले. त्यातील किती प्रती मोठ्याने वाचल्या जातात, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरापुरता विचारावा. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला ‘घरातील ख्रिस्तसभा’ म्हटले आणि शब्दाने व उदाहरणाने मुलांना श्रद्धा सांगणारे पहिले प्रचारक म्हणजे आईवडील, असे बजावले. शब्द आणि उदाहरण या दोन्ही गोष्टी पुस्तक वाचणाऱ्या आईवडिलांच्या ठायी एकत्र येतात.

लपवलेल्या पुस्तकाचा एक नवा प्रकार अलीकडे घरोघर शिरला आहे. मोबाईलच्या पडद्यावर आपण बायबल वाचीत असलो, कादंबरी वाचीत असलो किंवा नुसत्याच रिकाम्या गप्पा चाळीत असलो, तरी समोरच्या मुलाला बापाचा वाकलेला चेहरा तेवढा दिसतो. छापील पुस्तकाचे मुखपृष्ठ काही न बोलताही सांगते की, मी येथे आहे, मी अमुक आहे. पडदा ते सांगत नाही. म्हणून मोबाईलवर वाचणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. आपण काय वाचतो ते मुलांना तोंडाने सांगा. जेवताना सांगा. चार वाक्ये पुरतात.

ऑगस्टीनच्या परिवर्तनाची गोष्ट आपण जाणतोच. 386 सालच्या त्या दिवशी मिलानच्या बागेत तो रडत बसला असता शेजारच्या घरातून एका बालकाचा स्वर आला. पुस्तक उचलून वाचायला तो सांगत होता. ऑगस्टीनने संत पौलाचे पत्र उघडून एक उतारा मनात वाचला. मग ते पान त्याने सोबतच्या मित्रापुढे, आलिपियसपुढे धरले. त्याने पुढचे वाक्य वाचले आणि ते स्वतःला लागू केले. मग दोघे उठून आत गेले आणि माता मोनिकेला सर्व सांगते झाले. एकट्याने वाचलेले पान मित्राच्या हाती गेले आणि तेथून आईच्या कानी पोहोचले. ज्या आईने त्या मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळले होते, तिला तो आनंद कळायला फारसा वेळ लागला नाही.

गेल्या मे महिन्यात आमची नात सुटीला आली होती. काचेच्या कपाटाचे दार आता सताड उघडे असते. एका रात्री आम्ही ‘स्मृतिचित्रे’ काढली आणि तोच सोवळ्याचा प्रसंग मोठ्याने वाचू लागलो. निम्मे शब्द तिला समजावून सांगावे लागले. हसू मात्र समजावून सांगावे लागले नाही. पान संपले तेव्हा आमचे डोळे थकले होते म्हणून आम्ही पुस्तक मिटू लागलो. तिने पानांत बोट घालून ठेवले आणि विचारले, ‘आजोबा, पुढे काय झाले?’

आम्ही चष्मा पुसला आणि पुढे वाचू लागलो.